एका खोक्याची गोष्ट आणि वाक्यांचे चार प्रकार

वाक्यांचे प्रकार हा इंग्रजी व्याकरणातला सगळ्यात सोपा धडा समजला जातो. फळ्यावर चार व्याख्या, प्रत्येकीखाली दोन उदाहरणं, मग स्वाध्याय. शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की प्रश्नार्थी, उद्गारचिन्ह दिसलं की उद्गारार्थी, उरलेली विधानार्थी. एका तासात धडा संपतो आणि पोरांना पैकीच्या पैकी गुण पडतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. एकदा चाचणीचा कागद काढताना सहज म्हणून सगळ्या वाक्यांच्या शेवटची चिन्हं गाळली, आणि एरवी भराभर लिहिणारा वर्ग पेन चावत बसला. तेव्हा लक्षात आलं, मुलं वाक्य वाचतच नव्हती, वाक्याचं शेपूट बघत होती.

चिन्ह ही शेवटची गोष्ट आहे. त्याच्या आधी वाक्याची रचना असते, आणि रचनेच्याही आधी बोलणाऱ्याची गरज. कुणाला काही सांगायचं असतं, कुणाला विचारायचं असतं, कुणाला समोरच्याकडून काही करून घ्यायचं असतं, तर कुणाच्या तोंडून नकळत काहीतरी निघून जातं. 'सीता इज सिंगिंग अ साँग' या सुट्या वाक्याला ना बोलणारा असतो ना ऐकणारा, त्यामुळे त्याची गरज मुलांना दिसणार कशी? गोष्टीत मात्र माणसं असतात आणि ती अडचणीत सापडलेली असतात. म्हणून हा धडा गोष्टीतून घ्यायचा, आणि गरज, रचना, चिन्ह याच क्रमाने घ्यायचा. पुढे दिलेली पद्धत इंग्रजी वाक्यं वाचू लागलेल्या, साधारण पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी आहे. तिला तीन तास लागतात. एका तासात उरकायचा प्रयत्न केलात तर पुन्हा शेपटावरच याल.

आधी आपलं डोकं साफ करू

मराठी व्याकरणात आपण विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी म्हणतो तेच इंग्रजीतले असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह आणि एक्सक्लमेटरी. असर्टिव्हला काही पुस्तकं डिक्लेरेटिव्ह म्हणतात. ते दोन वेगळे प्रकार नाहीत. काही ठिकाणी इच्छा किंवा आशीर्वाद सांगणारी वाक्यं पाचवा प्रकार म्हणून देतात, 'मे यू लिव्ह लाँग' यासारखी. ती पहिल्या फेरीत आणू नका. रोजच्या इंग्रजीत ती क्वचितच भेटतात.

दुसरा गोंधळ केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यांचा. ती वाटणी वाक्यात किती उपवाक्यं आहेत आणि ती कशी जोडली आहेत यावरून होते. आपली वाटणी वाक्य काय काम करतं यावरून. एकच वाक्य संयुक्तही असू शकतं आणि आज्ञार्थीही. दोन्ही वाटण्या एकाच आठवड्यात शिकवल्या तर मुलं त्यांची खिचडी करतात, आणि त्यात मुलांचा दोष नसतो.

तिसरी गोष्ट शिक्षकाने स्वतःपुरती ठरवून ठेवायची. रूप आणि काम दर वेळी जुळतंच असं नाही. 'कॅन यू ओपन द डोअर?' हे रूपाने प्रश्न आहे, पण विचारणाऱ्याला समोरच्याच्या ताकदीची चौकशी करायची नसते, दार उघडून हवं असतं. अशा वाक्याला प्रकाराचं नाव रूपावरून द्यायचं आणि त्याचं काम वेगळं सांगायचं: रूप प्रश्नाचं, काम विनंतीचं. पहिल्या गोष्टीत मात्र अशी वाक्यं ठेवायची नाहीत. ज्या गोष्टीत रूप आणि काम एकाच दिशेला जातात तीच पहिली गोष्ट.

गोष्ट कशी हवी

पाठ्यपुस्तकातली गोष्ट चालेल का? क्वचित. पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी निवेदनानेच भरलेल्या असतात, म्हणजे विधानांचा डोंगर आणि त्यात एखादा प्रश्न. उद्गारार्थी वाक्य तर शोधावं लागतं. त्यापेक्षा स्वतः लिहावी. शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. फक्त एक काळजी घ्यायची, पात्रांना काहीतरी माहीत नसावं. माहीत नसलं की प्रश्न आपोआप येतात, भीती वाटली की हुकूम सुटतात, गुपित उघडलं की उद्गार निघतात. मी वापरते ती गोष्ट अशी आहे. इथे देवनागरीत दिली आहे, फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

द बॉक्स

इट वॉज रेनिंग. मीना अँड राजू केम इन्टू द क्लासरूम. अ ब्राउन बॉक्स वॉज ऑन द टेबल.
"हूज बॉक्स इज दिस?" आस्क्ड राजू.
"आय डोन्ट नो," सेड मीना.
द बॉक्स मूव्ह्ड.
"डिड यू सी दॅट?" आस्क्ड राजू.
"डोन्ट टच इट!" सेड मीना.
राजू वेंट निअर द बॉक्स.
"इज देअर अ रॅट इन इट?" आस्क्ड मीना. "प्लीज कम बॅक, राजू."
राजू डिड नॉट कम बॅक. ही ओपन्ड द बॉक्स. टू ग्रीन आईज लुक्ड ॲट हिम.
"व्हॉट अ टायनी किटन इट इज!" सेड राजू.
"हाऊ वेट इट इज!" सेड मीना. "गिव्ह मी युअर हँकी, राजू."
देअर टीचर केम इन. "हूज बॉक्स इज दिस?" शी आस्क्ड.
मीना लुक्ड ॲट राजू. राजू लुक्ड ॲट द किटन.
"इट इज द किटन्स बॉक्स, टीचर," सेड राजू.

'आस्क्ड राजू', 'सेड मीना' हे तुकडे बाजूला ठेवले तर यात 22 वाक्यं आहेत: 13 विधानं, 4 प्रश्न, 3 आज्ञा आणि 2 उद्गार. दोन विधानं नकारार्थी आहेत. एक आज्ञा मुद्दाम उद्गारचिन्हाने संपवली आहे. तो सापळा आहे, आणि सगळा धडा त्याच सापळ्यावर उभा आहे.

हे तुकडे बाजूला का ठेवायचे तेही सांगते. अवतरणचिन्हांसकट पूर्ण वाक्य घेतलं तर 'राजूने विचारलं' हे विधान होतं आणि त्याच्या पोटातला प्रश्न झाकला जातो. एखादा हुशार मुलगा ही शंका काढतोच. त्याला शाबासकी द्या आणि सांगा, आज आपण फक्त अवतरणचिन्हांच्या आतलं बघतोय.

पहिला तास: व्याकरणाचं नावही नाही

गोष्ट मोठ्याने वाचा, पण थांबत थांबत. 'द बॉक्स मूव्ह्ड' या वाक्याशी थांबून विचारा, आता राजू काय म्हणेल? मुलांनी मराठीत उत्तर दिलं तरी चालेल. 'अरे, हललं ते!', 'बघितलंस का?', 'पळ!', 'आत उंदीर असेल' अशी उत्तरं येतात. ती मराठीतच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू नका. नकळत चारही प्रकार तिथे गोळा झालेले असतात.

'टू ग्रीन आईज लुक्ड ॲट हिम' नंतर पुन्हा थांबा. शेवटची ओळ ऐकून वर्ग हसला तर गोष्ट कळली. नाही हसला तर 'हूज' या शब्दाचा अर्थ राहिलाय असं समजा आणि त्यावर दोन मिनिटं घालवा. गोष्ट न कळलेल्या वर्गाला त्यातली वाक्यं वर्गवारीसाठी देणं म्हणजे नुसता शब्दांचा भाजीपाला निवडायला बसवणं.

मग खरं काम. 22 वाक्यं वेगवेगळ्या कागदी पट्ट्यांवर लिहून चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाला एक संच द्या. पट्ट्यांवर चिन्हं असू द्या. वर्ग मोठा असेल किंवा पट्ट्या करायला सवड नसेल तर फळ्यावर वाक्यांना क्रमांक द्या आणि मुलांना वहीत फक्त क्रमांक लिहू द्या, काम तितकंच चांगलं होतं. व्याकरणाचं एकही नाव न घेता एकच प्रश्न विचारायचा: हे बोलणाऱ्याला काय हवंय? फळ्यावर चार रकाने आखायचे. सांगायचंय. विचारायचंय. करून घ्यायचंय. मनातलं उसळून बाहेर आलंय.

दहा मिनिटांत बहुतेक पट्ट्या लागतात आणि दोन पट्ट्यांवरून भांडण सुरू होतं. पहिली 'डोन्ट टच इट!' अर्धे गट ती चौथ्या रकान्यात टाकतात, कारण शेवटी उभी रेघ आणि टिंब. उत्तर लगेच सांगू नका. मीनाला काय हवं होतं ते विचारा. राजूने हात लावू नये, हे हवं होतं. म्हणजे तिला काहीतरी करून, खरं तर न करून, घ्यायचं होतं. ती घाबरली होती का? हो, म्हणून तर ते चिन्ह आहे. घाबरलेल्या आवाजातली आज्ञा ही आज्ञाच राहते. एवढं मुलांच्या तोंडून आलं की तास सार्थकी लागला.

दुसरी पट्टी शिक्षिकेची, 'हूज बॉक्स इज दिस?' ती खरंच विचारतेय की रागावतेय? गोष्टीत ते दिलेलं नाही. मुलांना दोन्ही आवाजांत वाचून दाखवायला सांगा. दोन्ही वेळा रूप प्रश्नाचंच राहतं.

दुसरा तास: नावं आणि बांधणी

नावं आता द्यायची. रकान्यांच्या डोक्यावर आधीचे मराठी शब्द तसेच ठेवून खाली विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी आणि त्यांची इंग्रजी नावं लिहा. वस्तू आधी हातात आली आणि लेबल नंतर लागलं की ते चिकटतं.

विधानांवर फार वेळ घालवू नका. कर्ता आधी, क्रियापद नंतर, शेवटी पूर्णविराम. 'आय डोन्ट नो' आणि 'राजू डिड नॉट कम बॅक' ही नकारार्थी असली तरी विधानंच आहेत, एवढं सांगून पुढे चला. 'आय डोन्ट नो' आणि 'डोन्ट टच इट' ही दोन वाक्यं मात्र एकाखाली एक लिहून दाखवाच. दोन्हींत 'डोन्ट' आहे, पण एकात सांगणारा 'आय' समोर उभा आहे आणि दुसऱ्यात कुणीच दिसत नाही.

प्रश्नांशी मात्र ठाण मांडून बसायचं, कारण मराठी बोलणारं मूल नेमकं इथेच घसरतं. मराठीत प्रश्न करताना शब्दांचा क्रम हलत नाही. 'तू ते पाहिलंस' याच्या मागे 'का' लावला की झाला प्रश्न. 'मांजर खोक्यात आहे' यातल्या 'खोक्यात'च्या जागी 'कुठे' बसवला की झालं 'मांजर कुठे आहे'. इंग्रजीत असं चालत नाही, तिथे सहायक क्रियापदाला ('इज', 'डिड', 'कॅन' यांसारख्या शब्दाला) उठून कर्त्याच्या पुढे जावं लागतं. म्हणून मुलं लिहितात 'व्हेअर द किटन इज?' किंवा 'यू सॉ दॅट?' त्यांनी मराठीचा नियम चोख पाळलेला असतो. ही चूक निष्काळजीपणाची नाही हे एकदा कळलं की आपण चिडत नाही, आणि उपायही सुचतो.

उपाय अंगाने शिकवायचा. पाच मुलं पुढे उभी करा, प्रत्येकाच्या हातात एक शब्द: 'देअर', 'इज', 'अ रॅट', 'इन', 'इट'. वर्ग वाचेल: 'देअर इज अ रॅट इन इट.' आता 'इज'ला सांगा, 'देअर'च्या पुढे जाऊन उभा राहा. प्रश्न तयार! 'इज' धरलेलं पोर जागा सोडून चालत जातं ते वर्ग विसरत नाही.

मग 'यू सॉ दॅट' घ्या. इथे पुढे जायला कुणी सहायक नाही. बाहेरून 'डिड'ला बोलवावं लागतं. 'डिड' आला की भूतकाळ तो उचलतो, आणि 'सॉ' ओझं उतरवून परत 'सी' होतो. कार्ड धरलेल्या मुलाकडे दोन्ही बाजूंना शब्द लिहिलेला असावा, एकीकडे 'सॉ' आणि मागे 'सी'. 'डिड' वर्गात शिरताच त्याने कार्ड फिरवायचं. वाक्यात भूतकाळाचं ओझं एकानेच वाहायचं, हे डोळ्यांनी दिसलं की 'डिड यू सॉ' बरंच कमी होतं. पूर्ण थांबत नाही. आठवडाभर अधूनमधून कार्ड फिरवावं लागतं.

हो-नाही उत्तराचे प्रश्न आणि 'व्ह' घराण्याचे ('व्हॉट', 'व्हेअर', 'हू', 'हूज' अशा शब्दांनी सुरू होणारे) प्रश्न यांतला फरक इथेच सांगून टाकावा. 'डिड यू सी दॅट?' याचं उत्तर मान हलवून देता येतं, 'हूज बॉक्स इज दिस?' याचं नाही. एक गाठ मात्र लक्षात ठेवा: 'हू ओपन्ड द बॉक्स?' यात 'डिड' येत नाही, कारण 'हू' स्वतःच कर्ता आहे. 'डिड' नुकताच शिकलेला वर्ग उत्साहाने 'हू डिड ओपन' लिहितो. तो प्रश्न मुलांकडून येईपर्यंत मी गप्प राहते. आला की सांगते.

आज्ञार्थी वाक्यात कर्ता लपलेला असतो, आणि तो दर वेळी 'यू' असतो. 'प्लीज कम बॅक, राजू' मध्ये राजू कर्ता आहे असं निम्म्या वर्गाला वाटतं. त्यांच्यासाठी दोन वाक्यं शेजारी लिहा: 'राजू, कम बॅक.' आणि 'राजू कम्स बॅक.' पहिल्यात राजूला हाक मारली आहे, म्हणून स्वल्पविराम. दुसऱ्यात राजूबद्दल कुणाला तरी सांगितलं आहे, म्हणून क्रियापदाला 'एस'. एका स्वल्पविरामाने आणि एका अक्षराने प्रकार बदलला.

इथे मराठीशी तुलना करण्यात मजा आहे. आपण 'ये', 'या', 'यावं' असं क्रियापदातच नातं आणि मान घालतो. इंग्रजीत लहान मूल असो की आजोबा, क्रियापद 'कम'च. मान द्यायचा तर 'प्लीज' लावा, नाहीतर वाक्यच प्रश्नाच्या रूपात फिरवा. हे ऐकल्यावर मुलं विचारतात, मग इंग्रजीत सगळ्यांना अरे-तुरेच का? क्रियापदाच्या रूपात 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे दिसत नाहीत, आदर आवाजात आणि शब्दांच्या निवडीत असतो, एवढं उत्तर पुरतं.

आता उद्गारार्थी. माझ्या मते हा चारांतला सगळ्यात कठीण प्रकार आहे आणि पुस्तकात त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. फळ्यावर हे दोन लिहा:

हाऊ वेट इज इट?
हाऊ वेट इट इज!

शब्द तेच चार. शेवटच्या दोघांनी जागा बदलली आणि प्रश्नाचा उद्गार झाला. मराठीत 'ते किती ओलं आहे' हे दोन्हीकडे जसंच्या तसं राहतं, फरक फक्त आवाजाचा. म्हणून मुलांना उद्गारातही प्रश्नाचाच क्रम लावावासा वाटतो. त्यातून आत्ताच आपण त्यांना सहायक क्रियापद पुढे पाठवायला शिकवलेलं असतं! तेव्हा स्पष्ट सांगा: उद्गारात कुणी उठून पुढे जात नाही. 'इट इज' आपल्या जागी शांत असतात, भावना दाखवणारा तुकडा तेवढा सुरुवातीला येतो.

'व्हॉट' की 'हाऊ' हे विचारलं की सांगायचं, 'व्हॉट'च्या घरात नाम लागतंच, 'हाऊ'ला नुसतं विशेषण किंवा क्रियाविशेषण पुरतं. 'व्हॉट अ टायनी किटन', 'हाऊ टायनी'. नाम एकवचनी आणि मोजता येणारं असेल तर मधला 'अ' किंवा 'ॲन' विसरायचा नाही. 'व्हॉट टायनी किटन' ही चूक मराठीतून येते, कारण आपल्याकडे असा शब्दच नाही. चौथ्या रकान्यातल्या दोन्ही वाक्यांचं साधं विधान करून बघा: 'इट इज अ व्हेरी टायनी किटन', 'इट इज व्हेरी वेट'. 'व्हेरी' गेला आणि उसळी आली. परीक्षांमध्ये विचारतात ते रूपांतर एवढंच आहे, पण मुलांना विचारा की राजू खोकं उघडल्यावर 'इट इज अ व्हेरी टायनी किटन' असं म्हणाला असता तर? वर्ग हसतो. ते हसणं म्हणजे फरक कळल्याची पावती.

चिन्हं आणि आवाज

पाच-सात मिनिटांचंच काम, दुसऱ्या तासाच्या शेवटी. आता पट्ट्यांचा दुसरा संच, बिनचिन्हांचा. मुलांनी वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मग चिन्ह द्यायचं. सर्वसाधारणपणे हो-नाहीच्या प्रश्नात आवाज शेवटी वर जातो. विधानात आणि 'व्ह' घराण्याच्या प्रश्नात तो खाली येतो. आपल्याकडे प्रत्येक प्रश्नाला आवाज चढवून वाचायची सवय लागलेली असते, ती इथे मोडता येते. हाताने दिशा दाखवत वाचून घ्या. आज्ञेला एरवी पूर्णविराम, जोर असेल तर उद्गारचिन्ह. 'डोन्ट टच इट'ला दोन्ही चालतात, मीना किती घाबरली यावर ते ठरतं. एकापुढे एक तीन-तीन उद्गारचिन्हं ठोकणारी दोन-चार मुलं असतातच. एक पुरे, म्हणा.

तिसरा तास: गोष्ट मोडा, नवी बांधा

आधी मोडायची. गोष्टीतून सगळे प्रश्न काढून टाका आणि उरलेली वाचा. कुतूहल गेलं. आज्ञा काढा, भीती गेली. हे पाच मिनिटांत होतं, पण कुठलं वाक्य गोष्टीत काय काम करत होतं हे यातून जसं कळतं तसं व्याख्येतून कळत नाही. माझ्या वर्गात एका गटाने उलटं केलं, पूर्ण गोष्ट फक्त आज्ञांमध्ये सांगितली: 'लुक ॲट द बॉक्स. डोन्ट मूव्ह. ओपन इट. रन. कम बॅक. टेक द किटन.' बाकीच्या वर्गाने त्यातून गोष्ट बरोबर ओळखली. तेव्हापासून हा खेळ मी दर वर्षी घेते.

मग लिहिणं. गट नको, एकेकट्याने किंवा जोडीने. सुरुवातीची ओळ आपण द्यायची: 'समवन नॉक्ड ॲट द डोअर.' आठ वाक्यांची गोष्ट, त्यात चारही प्रकार यायलाच हवेत, दोन पात्रं, आणि दाराबाहेर कोण आहे हे सातव्या वाक्यापर्यंत कळू द्यायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. गुपित लगेच फुटलं तर पुढे प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही आणि मुलं ओढूनताणून प्रकार भरतात. ज्यांना इंग्रजी वाक्य जुळवणं जड जातं त्यांना अर्धवट वाक्यं द्या: 'हू इज ___?', 'डोन्ट ___', 'व्हॉट अ ___ !' रिकाम्या जागा भरता भरता त्यांचीही गोष्ट होते.

एखादं मूल आठही विधानं लिहून आणतं. 'दोन प्रश्न घाल' असं सांगून त्याला परत पाठवू नका. विचारा, दार वाजल्यावर आतला मुलगा मनात काय म्हणाला? तो मराठीत सांगेल. मग, हेच त्याला इंग्रजीत बोलू दे.

वह्या तपासताना लाल पेन आवरावं लागतं. पहिल्या वाचनात प्रत्येक वाक्यासमोर समासात फक्त एक अक्षर लिहा: वि, प्र, आ, उ. दुसऱ्या वाचनात प्रश्नांचा आणि उद्गारांचा शब्दक्रम तेवढा बघा. स्पेलिंग आणि क्रियापदांच्या काळाच्या चुका पुढच्या वेळी. सगळं एकदम दुरुस्त केलेल्या वहीत मूल काहीच बघत नाही.

वरच्या वर्गासाठी

आठवीच्या पुढे हीच गोष्ट नव्या प्रश्नांनिशी वापरता येते. 'राजू आस्क्ड हूज बॉक्स इट वॉज.' हा प्रश्न आहे का? नाही, कुणीतरी काय विचारलं याची ती बातमी आहे. म्हणून 'वॉज' शेवटी गेला, क्रम विधानाचा झाला आणि प्रश्नचिन्ह गळालं. सुरुवातीला बाजूला ठेवलेली वाक्यंही आता आणा. मीना 'कॅन यू गिव्ह मी युअर हँकी?' म्हणाली असती तर? 'यू विल कम बॅक नाऊ' म्हणाली असती तर? त्यातलं दुसरं रूपाने विधान आणि कामाने चक्क हुकूम आहे. मोठ्या मुलांना यावर वाद घालायला आवडतं, घालू द्या.

तपासणी

चाचणीला 'द बॉक्स' मधली वाक्यं देऊ नका, ती आता पाठ झालेली असतात. नवी गोष्ट द्या, आणि चिन्हांशिवाय. ही चालेल:

द लाइट्स वेंट आऊट / हू इज देअर / डोन्ट ओपन द डोअर / समथिंग वॉज स्क्रॅचिंग द डोअर / हाऊ डार्क इट इज / डिड यू हिअर दॅट / इट वॉज ओन्ली अ ब्रांच / शट द विंडो अँड गो टू स्लीप

आठ वाक्यं. प्रकाराला एक आणि चिन्हाला एक असे 16 गुण, आणि कुठल्याही दोन वाक्यांबद्दल 'तुला हे कशावरून कळलं' याला 4, एकूण 20. कारण मराठीत लिहिलेलं चालेल, उलट मराठीत लिहा असंच सांगावं. इथे आपण समज तपासतोय. 'डोन्ट ओपन द डोअर'ला पूर्णविराम देणाऱ्याचा आणि उद्गारचिन्ह देणाऱ्याचा, दोघांचाही गुण धरा. पण 'हाऊ डार्क इट इज'ला प्रश्नचिन्ह देणाऱ्याला नुसती फुली मारू नका. त्याला जवळ बोलवा, 'इट' आणि 'इज'ची दोन कार्डं त्याच्या हातात द्या आणि त्याचा प्रश्न त्यालाच बरोबर उभा करू द्या.